टेलले पोचलं का?

माझे बाबा पाटकरी होते. धरणातून निघालेल्या नहराचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, किती वेळ जाऊ द्यायचं, गेट कधी उचलायचं आणि कधी पाडायचं, हे त्यांच्या हातात होतं. तिरोड्याकडच्या आठ-दहा गावांचं धान त्यांच्या सायकलवर अवलंबून होतं, असं ते स्वतः कधी म्हणाले नाहीत, पण त्यांच्या चालण्यात ते दिसायचं. नहर जिथं संपतो त्या टोकाला आमच्याकडे टेल म्हणतात. तोंडाशी शेत असलेला माणूस पोटभर पाणी घेतो आणि टेलवाला शेताच्या धुऱ्यावर उभा राहून वाट पाहतो. म्हणून बाबांचा एक नियम होता. गेट उचललं की सायकल काढायची, टेलपर्यंत जायचं आणि चप्पल काढून पाण्यात पाय घालायचा. घोटा भिजला तरच घरी जेवायला यायचं. आई ताट झाकून ठेवायची आणि चिडायची. बाबा म्हणायचे, "गेट खोललं म्हनून पानी पोचत नसते वं. पाहून यावं लागते."

हे सगळं मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातलं काहीच माझ्या डोक्यात शिरलं नाही.

बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही गोंदियाजवळ फुलचूरला घर बांधून राहायला आलो. गावची तीन एकर शेती तेवढी राहिली. मी गोंदियात संगणकाचा वर्ग चालवत होतो. टायपिंग, हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि इंटरनेट, असं पाटीवर लिहिलं होतं. दोन हजार आठ-नऊच्या आसपास ब्लॉगची साथ आली, तसा मीही एक काढला. नाव, रंग, वरती धानाच्या बांधीचा फोटो, सगळं झालं. लिहायला मात्र काही नव्हतं. आपल्या झाडीपट्टीतले शब्द लिहू म्हटलं, तर पंधरा-वीस शब्दांत माझी विहीर कोरडी पडली. मग मी बाबांना शरण गेलो.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, लिहिणं सुटलं होतं. पण बोलणं कसं सुटेल? सकाळचा चहा झाला की ते ओसरीत खाटेवर बसत, मी खाटेच्या कडेला कीबोर्ड मांडीवर घेऊन. धानाच्या जाती, पाण्याची भांडणं, कोणत्या गावच्या मालगुजारानं कोणता तलाव बांधला, असं ते सांगत आणि मी त्यांच्याच बोलीत टाइप करत असे. लोक वाचू लागले. नागपूर, पुणे, कुठं दुबईतही कोणीतरी तिरोड्याचा माणूस वाचत होता. मला शिंगं फुटली.

आता ताईबद्दल सांगायला हवं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नोकरीत भेटलेल्या मुलाशी तिनं लग्न केलं. मुलगा सालेकस्याकडच्या जंगलपट्टीतला, गोंड घरातला, माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेतल्या देवाला जाणाऱ्यांतला. आमचे पूर्वज म्हणे माळव्यातून आले. येऊन किती पिढ्या झाल्या देव जाणे, पण आल्याचा तोरा घरात अजून शिल्लक होता. ताई सांगायला आली त्या दिवशी बाबा आवाज न चढवता म्हणाले, "तुयासाठी ह्या घरचं गेट पाडलं मी." ताईनं पिशवी उचलली आणि गेली. ती रायपूरला राहत होती. गोंदियाहून रायपूर म्हणजे तीन तासांची गाडी. सहा वर्षांत ती तीन तासांची गाडी कोणी पकडली नाही, ना तिनं, ना आम्ही. मी अधूनमधून तिला फोन करायचो. ती आईची तब्येत विचारायची. बाबांचं नाव दोघंही घेत नव्हतो. माझी भित्री जात, मी दोन्ही बाजूंना गोड राहिलो.

ब्लॉग चालू लागल्यावर मी त्याच्या सेटिंगमध्ये हात घालायला लागलो. तिथं फीड नावाचं एक पान होतं. आपण लिहिलेलं वाचकाकडे आपोआप पाठवणारी ती सोय. बाबांना समजावून सांगितलं, "लोकांनी आपल्या पानावर यायची गरज नाही. आपलं लिहिणंच त्यांच्याकडे जातं."

"फीड म्हनजे? कोंबड्याईले टाकतेत ते?"

"तसंच समजा."

"मंग आपन दाना टाकून राह्यलो म्हन." ते हसले. मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "म्हनजे नहर आहे हा. तू गेट खोलला का ज्याच्या-त्याच्या बांधीत जाते."

इतकं सोपं मला माझ्या विद्यार्थ्यांना कधी सांगता आलं नव्हतं.

त्या पानावर एक प्रश्न होता: फीडमध्ये लेख पूर्ण द्यायचा की संक्षिप्त? पूर्ण दिला की वाचक तिकडेच सगळं वाचून मोकळा. माझ्या पानावर कोण येणार? आणि पानाच्या तळाशी मी मोठ्या हौसेनं आकडा मोजणारं यंत्र बसवलं होतं. किती लोक आले, ते त्यात दिसायचं. तो आकडा हलेना, तेव्हा मी 'संक्षिप्त' निवडलं. आता वाचकाला पहिल्या चार-पाच ओळी जाणार, पुढं तीन टिंबं, आणि खाली मी स्वतः लिहिलेली ओळ: 'उरलेलं वाचायला ब्लॉगवर या.' आकडा हलू लागला. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं कशाला म्हणतात ते मला विचारा.

पुढच्या आठवड्यात मी इमेलची पेटी लावली. ज्याला हवं त्यानं आपला पत्ता टाकावा, फीड मेलमध्ये मिळेल. तीही सजवली. विषयाची ओळ मराठीत केली, धानाच्या लोंबीचं चित्र टाकलं. महिन्याभरात नऊ जणांनी पत्ते दिले. यादी उघडून पाहत होतो, आणि सातव्या पत्त्यावर माझं बोट थांबलं. पत्त्यात माणसाचं नाव नव्हतं. आमच्या गावाचं नाव होतं, आणि पुढं ताईचं जन्मवर्ष. रायपूरला राहणारी, लग्नानंतरचं आडनाव लावणारी माझी बहीण इमेलमध्ये गावाचं नाव लावून बसली होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तिले जाते हे?"

"जाते."

"सारं?"

"जाते ना बाबा, यादीत नाव आहे तिचं."

"टेलले पोचते म्हनजे," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून बाबांचं सांगणं बदललं. वरवर ते जगाला सांगत होते, पण बोलत एकाच माणसाशी होते. मला आणि त्यांना दोघांनाही ते ठाऊक होतं, आणि आम्ही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो. मेल किती वाजता जावी, हेही त्यांनीच ठरवलं. "सकाळी नऊ-साडेनवाले जाऊ दे. ऑफिसात गेल्यावर पह्यले तेच दिसलं पायजे." मी तशी वेळ लावून दिली.

आता आमच्या भागातलं एक सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच फिरलं. आमचा माणूस प्रेमाची गोष्ट आधी सांगत नाही. बऱ्याच दिवसांनी आलेल्या भाच्याला मामा दारातच विचारणार, "काऊन बे, मेला होतास का?" आधी कावायचं, झाडून घ्यायचं, आणि मग जेवायला बसवून ताटात तूप वाढायचं. जो दारातच गोड बोलतो त्याच्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही. बाबांचं सांगणं अगदी ह्याच चालीचं होतं. सुरुवातीला चार ओळी नुसता मार, आणि मग हळूहळू आवाज खाली येत शेवटी मऊ.

तांदळावरचा लेख असा सुरू झाला: "शिकलेसवरले लोक तुमी. चावलचं नाव विचारलं तं पाकिटावरचं वाचून सांगता. मायबापानं कायले शिकवलं तुमाले? घर सोडलं, गाव सोडलं, तोंडाची चव बी सोडली." आणि तीन पानांनंतर संपला तो असा: "यंदा चिन्नोर थोडाच झाला. अर्धा शेर मडक्यात राखून ठेवला. वास उडू नये म्हनून तोंडाले फडकं बांधलं. नवं धान आलं का जुना काढतो, नवा भरतो. ज्याचा असन त्यानं घेऊन जावा."

गेटावरच्या लेखात आधी पाणी चोरणाऱ्यांना, धुरा फोडणाऱ्यांना, बापाचं न ऐकणाऱ्यांना शिव्या होत्या. शेवटी सांगताना ते थांबत थांबत बोलले. मी कीबोर्डवर हात ठेवून बसलो होतो. "पाटकऱ्यानं रागात गेट पाडू नये. मी एक डाव पाडलं. खालची बांधी मायीच होती. पाडल्यावर मंग उचलाले हात नाही झाला. चूक मायी होती." मी ते टाइप केलं आणि त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आणि एका माघात, घरी कोणालाही न सांगता, ते गावच्या एका माणसाबरोबर कचारगडला जाऊन आले. त्यावर सांगितलं तेव्हा सुरुवात होती: "आमाले वाटे, जंगलातल्या लोकाईले का समजते. ना शेती धड, ना देव धड. आमी मोठे माळव्याचे." पुढं डोंगर चढताना लागलेली धाप, गुहेतला गारवा, आणि मग: "खाली एका म्हाताऱ्यानं पानी देल्लं. जेवाले बसवलं. कोनाचा कोन, विचारलं बी नाही. मी आजवर पावन्याले पह्यले जात विचारत आलो. त्याच्या पाया पडून आलो मी."

प्रत्येक लेख टाकला की बाबा विचारत, "टेलले पोचलं का?" मी पडद्यावर पाहून म्हणायचो, "पोचलं." तिथं तसं लिहूनच यायचं, नऊ जणांना पाठवलं म्हणून. एकदा त्यांनी जरा रोखून विचारलं, "तू जाऊन पाह्यलास का?"

"आता त्यात जाऊन काय पाहायचं, बाबा? मशीन सांगतं ना."

स्वतःच्याच ब्लॉगची मेल स्वतःला कोण मागवतो? मी कधी मागवली नाही. उंटावरून शेळ्या हाकत राहिलो.

दोन वर्षं असं चाललं. ताईकडून एक अक्षर आलं नाही. फोनवर मी एकदा चाचपून पाहिलं, "बाबांचं वाचतेस ना?" ती म्हणाली, "हो, मिळतं," आणि आईचं विचारू लागली. बाबांना मी सांगितलं, मिळतं म्हणते. त्या दिवशी त्यांनी दोन वेळा चहा मागितला. नंतर मात्र एकेक महिना जाऊ लागला आणि त्यांचा आवाज उतरू लागला. "वाचते अन येत नाही. म्हनजे तिचा राग मायाहून मोठा आहे," ते एकदा म्हणाले. आणि मग, "असू दे. मायीच पोरगी आहे."

धान कापणी आटोपली आणि त्या हिवाळ्यात बाबा गेले. सकाळी खाटेवर बसले होते, चहा यायच्या आत कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी ताईला फोन केला. ती दुपारच्या गाडीनं निघाली, पण गाडी उशिरा आली आणि लोकांनी थांबायचं नाकारलं. ती दारात आली तेव्हा आम्ही घाटावरून परतलो होतो.

तेरा दिवस ती राहिली. आईजवळ बसायची, भांडी घासायची, आल्या-गेल्याला पाणी द्यायची. रडली नाही. बायकांनी तेही बोलून दाखवलं. बाबांच्या खाटेकडे ती पाठ करून बसायची. तेरवीच्या दिवशी तिचा नवरा आला. त्यानं पंगतीत वाढलं, कोणी काही म्हटलं नाही. बाबा असते तर काय झालं असतं हे मला माहीत होतं, तिला नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीची घोषणा झाली. भाऊजी पाणी आणायला गेले आणि ताई एकदम म्हणाली, "एक विचारू? मला शिव्या द्यायलाच काढला होता ना तुम्ही तो ब्लॉग?"

मला कळेचना. तिनं पर्समधून घड्या घातलेल्या कागदांचा गठ्ठा काढला. ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेले. एकेका कागदावर धानाच्या लोंबीचं माझं चित्र, चार-पाच ओळी, तीन टिंबं, आणि खाली माझं वाक्य: 'उरलेलं वाचायला ब्लॉगवर या.' मायबापानं कायले शिकवलं तुमाले. बापाचं न ऐकणारे. ना शेती धड, ना देव धड. सगळे कागद होते, तारखेप्रमाणे लावलेले.

"ताई, हे अर्धं आहे. पुढं आहे अजून."

"आमच्या ऑफिसात मेल उघडते, बाकी सगळं बंद आहे. आणि हे वाचल्यावर पुढचं वाचायला पैसे देऊन सायबर कॅफेत जाऊ मी? ह्यांच्या लोकांबद्दल असं लिहिलेलं?"

"मग बंद का नाही केलंस? खाली दुवा असतो, एक बटण दाबलं की मेल बंद."

ती रुळांकडे पाहत होती. "बाबा दुसरं कुठं बोलत होते माझ्याशी?" ती म्हणाली.

गाडी लागली. भाऊजी पाण्याची बाटली घेऊन आले. मी खिडकीच्या गजाला धरून "अर्धं आहे, अर्धंच आहे" म्हणत राहिलो आणि तिला वाटलं असावं, भाऊ समजूत घालतोय. गाडी गेल्यावर मी फलाटावरच्या बाकावर बसलो. बाबांनी विचारलं होतं, जाऊन पाह्यलास का. घोटा भिजेपर्यंत न जेवणाऱ्या माणसाला मी दोन वर्षं "पोचलं, पोचलं" म्हणून जेवू घातलं होतं. आणि ते, माझीच मुलगी आहे, तिचा राग मोठा आहे, असं समजून गेले. हे ओझं उतरवायला मला कोणी नाही. ज्यांच्यापुढं उतरवायचं ते उरले नाहीत.

घरी येऊन मी सेटिंगचं पान उघडलं आणि 'पूर्ण'वर टिचकी मारली. एका क्षणाचं काम होतं ते. पण फीडमध्ये एक मेख असते, गेलेली मेल पुन्हा जात नाही. नवीन टाकलं तरच पुढं सरकतं. म्हणून मी बाबांचा पहिला लेख घेतला, नवा लेख म्हणून पुन्हा चढवला आणि वेळ तीच ठेवली, सकाळी साडेनऊ. खालची 'ब्लॉगवर या' ही ओळ काढून टाकली. आकड्याचं यंत्रही काढलं. आणि यादीत दहावा पत्ता माझा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात विद्यार्थी ताटकळत होते आणि मी माझीच मेल उघडून शेवटच्या ओळीपर्यंत उतरलो. शेवटची ओळ होती. रोज एक लेख, रोज मी तसा उतरून पाहायचो. दुबईच्या वाचकानं विचारलं, जुनंच काऊन टाकून राह्यले? मी पुढचा लेख चढवला.

दोन आठवडे रायपूरहून काही आलं नाही. गेटाचा लेख गेला. कचारगडचा गेला. त्या दिवशी मी दिवसभर फोन खिशातून काढून पाहत होतो. नाहीच. मग तांदळाचा गेला आणि दहा वाजायच्या आत फोन वाजला. रविवार नव्हता, पण लाइट नव्हती म्हणून मी घरीच होतो. आई ओसरीत तांदूळ पाखडत होती.

फोन ताईचा होता. मागं ऑफिसातल्या लोकांचे आवाज येत होते. मग म्हणाली, "ते मडकं. अजून आहे का गा?"

लहानपणानंतर पहिल्यांदा तिनं मला "गा" म्हटलं होतं. मी फोन हातानं झाकून आईला विचारलं, चिन्नोराचं मडकं कुठं आहे. आईनं सुपातून मान वर केली नाही.

"नाही आता. तेरवीले शिजवलं."

माझा जीवच गेला. "आई, ते ताईसाठी ठेवलं होतं बाबांनी!"

"मले का सांगतोस? दरसाल त्याचं फडकं मीच बांधलं." तिनं सूप एकदा झटकलं. "पंगतीले दुसरा होता. तो वेगळ्या गंजात शिजवला, तिच्या अन जवायाच्या पुरता. तिले सांग, तुया ताटात तोच होता. दोन डाव मांगून घेतलंस म्हन."

मी सांगितलं, शब्दाला शब्द. पलीकडचे ऑफिसचे आवाज लांब गेले, ती बहुतेक जिन्यात जाऊन उभी राहिली. तेरा दिवस न रडलेली माझी बहीण रडत होती आणि मी ऐकत होतो. फोन ठेवण्याआधी तिनं नाक ओढलं आणि पाटकऱ्याच्या पोरीच्या आवाजात म्हणाली, "टेलले पोचलं म्हनून सांग."

कोणाला सांगायचं, ते ती बोलली नाही. मी हो म्हटलं.